शेगावच्या परिसरातील अलक्षित स्थळे

शेगावला येणाऱ्या यात्रेकरूचा दिनक्रम बहुधा ठरलेला असतो. पहाटेच्या आगगाडीने उतरावे, स्नान आटोपून रांगेत उभे राहावे, श्रीगजानन महाराजांच्या समाधीचे दर्शन घ्यावे, प्रसाद सेवन करावा, घरच्या मुलांसाठी कचोरीची पुडी बांधून घ्यावी आणि सायंकाळच्या गाडीने परतावे. दर्शन आणि गाडी यांच्या दरम्यान जे पाच-सहा तास उरतात, ते निवासातील पंख्याखाली पडून काढावे लागतात. ज्या प्रदेशात आपण येऊन गेलो तो कसा आहे, याचा विचार करण्याचे प्रयोजन बहुतेकांस वाटत नाही. आगगाडीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंस दिसणारे सपाट काळे रान पाहून येथे पाहण्यासारखे काय असणार, असा त्यांचा समज होतो.

हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. पण तो का होतो हे मात्र समजून घेण्याजोगे आहे. वऱ्हाडचा हा भाग म्हणजे दोन डोंगररांगांच्या मधली एक लांबट परात होय. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची रांग, आणि मधून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी पूर्णा नदी. या सखल भागास जुन्या कागदपत्रांत पायनघाट म्हणत आणि दक्षिणेच्या घाटावरील उंच प्रदेशास बालाघाट म्हणत. बऱ्हाणपुराहून दक्षिणेत उतरणाऱ्या फौजांना हीच परात ओलांडावी लागे. नागपूरकडे जाणारा लोहमार्ग १८६७ साली पुरा झाला तोही याच परातीतून. महाराज शेगावात प्रथम दिसले ते २३ फेब्रुवारी १८७८ रोजी. म्हणजे त्यांच्या आधी दहा-अकरा वर्षे गाडीचा धूर येथे पोहोचलेला होता. फौजा, व्यापारी, कापूस आणि आता यात्रेकरू, सारे या भूमीवरून पुढे जाणारे. वाटेवरच्या गावाकडे वाटसरू क्वचितच निरखून पाहतो, तसेच या मुलुखाचे झाले आहे.

ज्याच्या हाती अर्धाच दिवस आहे त्याने बाळापूर पाहावे. शेगावपासून ते वीसएक किलोमीटरवर, अकोला जिल्ह्यात आहे. वाटेत पाहिजे तर नागझरीस थांबावे. तेथे गोमाजी महाराजांची समाधी आहे, आणि शेगावच्या गर्दीतून आलेल्या माणसाला तेथील शांतता विशेष जाणवते. बाळापूर हे मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर वसले असून किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या बाळादेवीवरून त्याला हे नाव पडले असे सांगतात. औरंगजेबाचा पुत्र आझमशहा येथे राहत असे. आज जो विटांचा भक्कम किल्ला दिसतो तो एलिचपूरचा नबाब इस्माईलखान याने १७५७ साली पुरा केला. किल्ल्याची जागा मोठ्या चातुर्याने निवडलेली आहे. दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर तो उभा असल्यामुळे पावसाळ्यात जवळजवळ चहूबाजूंनी पाण्याचा वेढा पडतो. एकापुढे एक असलेले दरवाजे ओलांडून आत शिरताना शत्रूची काय अवस्था होत असेल याची कल्पना सहज येते.

तथापि बाळापुरात मनाला खिळवून ठेवते ती किल्ल्यापेक्षा नदीकाठची छत्री. मिर्झाराजे जयसिंग यांची छत्री म्हणून ती ओळखली जाते. सुमारे पंचवीस फूट लांबीरुंदीची आणि तेहतीस फूट उंचीची ही वास्तू राजपुती कमानींनी नटलेली असून मन नदीच्या दक्षिण काठावर एकाकी उभी आहे. जयसिंगांचे नाव उच्चारताच मराठी वाचकाला १६६५ चा पुरंदरचा तह आठवतो. शिवछत्रपतींना तेवीस किल्ले सोडावयास लावणारा आणि पुढे आग्र्यास धाडणारा तो हाच सेनापती. दक्षिणेच्या मोहिमेत अखेर त्याच्या पदरी निराशा आली आणि १६६७ साली बऱ्हाणपुरास त्याचा अंत झाला. बाळापूरची छत्री हे त्याचे दहनस्थान नव्हे. परंतु छावणीच्या वाटेवर, परक्या मुलुखातील एका नदीच्या काठी त्याच्या नावाची ही वास्तू राहावी यात एक प्रकारचे कारुण्य आहे. नदीच्या पुरांनी तिच्या पायाला पूर्वीही धक्के दिलेले आहेत. दरवर्षी पाणी चढते तेव्हा दगड सांभाळण्यास धावणारे मात्र थोडेच असतात.

याच बाळापूरच्या परिसरात १० ऑगस्ट १७२० रोजी एक मोठी लढाई झाली. दिल्लीत सय्यद बंधूंचा अंमल चालू होता आणि निजाम-उल्-मुल्क त्यांच्याविरुद्ध उठला होता. सय्यदांच्या वतीने दक्षिणेचा कारभार पाहणारा त्यांचा तरुण पुतण्या आलमअलीखान त्याला अडविण्यासाठी चालून आला. पावसाळा ऐन भरात होता, पूर्णेला पूर आला होता आणि काळ्या चिखलात तोफा रुतत होत्या. निजामाने उतार शोधून नदी ओलांडली आणि पुढच्या रणात आलमअली मारला गेला. त्याच्या बाजूने लढलेल्या मराठी पथकांत दमाजी गायकवाड होते. त्या दिवशीच्या पराक्रमाबद्दल त्यांना ‘समशेर बहादूर’ हा किताब मिळाला, आणि बडोद्याच्या गायकवाड घराण्याने तो पिढ्यान्‌पिढ्या मिरविला. बडोद्याच्या राजवाड्याची सुरुवात वऱ्हाडच्या चिखलात झाली असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्तीचे होणार नाही.

शेगावच्या दुसऱ्या अंगाला, सतरा-अठरा किलोमीटरवर खामगाव आहे. येथे देऊळ किंवा किल्ला पाहावयाचा नाही. पाहावयाची आहे ती बाजारपेठ. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडकडे वळले. खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची प्रमुख पेठ. मुख्य लोहमार्ग तिला चुकवून गेला होता, म्हणून जलंब स्थानकापासून तेरा किलोमीटरचा एक फाटा खास कापसासाठी टाकण्यात आला. १८७० सालच्या मार्चमध्ये त्याच्या उद्घाटनास हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉयने यावे, यावरून कापसाच्या गासड्यांचे मोल काय होते ते समजते. लाभ मोठा झाला खरा. पण ज्वारीच्या रानात कापूस शिरला आणि कुणब्याचे पोट परदेशीच्या बाजारभावाशी बांधले गेले तेही याच काळात. वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या आजच्या हालांची पाळेमुळे शोधणाऱ्याने खामगावच्या पेठेत एक फेरी अवश्य मारावी. चांदीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या तेथील दुकानांत सोबतच्या मंडळींचा वेळही बरा जाईल.

आता ज्या गोष्टीवरून यात्रेकरूची गाडी रोज धावते आणि जी त्याला कधीच दिसत नाही, तिच्याकडे वळावयास हवे. ती म्हणजे पायाखालचे मीठ. पूर्णेच्या खोऱ्याच्या मध्यभागी अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या एका मोठ्या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात. त्याचे क्षेत्र सुमारे ४७०० चौरस किलोमीटर असून त्यात जवळजवळ नऊशे गावे मोडतात. विहीर खणली तर पाणी लागते, परंतु ते खारट. नदीने लक्षावधी वर्षे आणून टाकलेल्या गाळाचे शेकडो फूट जाडीचे थर येथे साचलेले आहेत. खोऱ्याला निचरा कमी, ऊन कडक. पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. पूर्वी या भागात, दहीहंड्याच्या बाजूस, खाऱ्या विहिरींचे पाणी आटवून मीठ काढीत असत. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या मुलुखात मिठाची आगरे होती हे ऐकून मुंबईकरास नवल वाटेल.

परंतु ही केवळ नवलाची गोष्ट नाही. जमीन काळीभोर, कसदार. तरीही विहिरीच्या पाण्यावर बागाईत करावी तर माती कडक होऊन बसते. म्हणून येथील शेती आभाळाकडे डोळे लावून असते. संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांत मूत्रपिंडाच्या विकारांनी घरेच्या घरे पोळलेली आहेत आणि त्याचा संबंध पिण्याच्या पाण्याशी जोडला जातो. सातपुड्यातून उतरणाऱ्या वान नदीवर वारी हनुमानाजवळ धरण बांधून तेथील गोडे पाणी नळाने कित्येक गावांना आता पुरविले जाते. शेगावात निवासाच्या नळाला जे गोडे पाणी येते, त्याची येथील खेड्यात काय किंमत आहे हे एखाद्या गावी जाऊन विहिरीचा पोहरा तोंडाला लावल्याशिवाय कळावयाचे नाही. देवस्थानापासून चार-सहा मैलांवर असे एखादे गाव सहज सापडेल. पाहण्याच्या स्थळांच्या कोणत्याही यादीत ते नसते, आणि असावयासही नको. पण भेट देण्यासारखे ते निश्चित आहे.

ज्याला पुरा एक दिवस काढता येईल त्याने उत्तरेकडे सातपुड्याच्या पायथ्याशी जावे. वारी हनुमान येथे वान नदी डोंगराच्या दारातून बाहेर पडते. स्थान रम्य आहे. तेथून पूर्वेस तेल्हारा तालुक्यात अडगाव लागते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी येथे नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा वेलस्लीने पराभव केला. पुढे वॉटर्लूच्या रणात नेपोलियनला हरविणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. दोन महिन्यांपूर्वी असईला छातीठोकपणे लढलेल्या त्याच्याच पलटणी अडगावला भोसल्यांच्या तोफांच्या पहिल्या माऱ्यासरशी मागे फिरल्या होत्या. त्याने स्वतः पुढे होऊन त्यांना पुन्हा उभे केले. त्या संध्याकाळी ते जमले नसते तर वऱ्हाडचे पुढचे शतक कदाचित निराळे झाले असते. पुढे देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून सुटून निजामाकडे गेला. रणभूमीवर आज शेते आहेत. पाहावयास काही नाही, आणि तरीही जाणत्याला तेथे थांबावेसे वाटते.

अडगावच्या उत्तरेस, अकोट तालुक्यात, नरनाळ्याचा प्रचंड दुर्ग आहे. जाफराबाद, नरनाळा आणि तेलियागड असे तीन गड एकाच तटाने बांधून घेतले आहेत. वर तलाव आहेत, मोठी तोफ आहे. पण सर्वांत प्रेक्षणीय म्हणजे महाकाळी दरवाजा. बहमनी राजवट मावळत असताना, १४८७ साली, फत्तेउल्ला इमाद-उल्-मुल्क याने तो उभारला. पुढे तीनच वर्षांनी हाच सरदार वऱ्हाडचा स्वतंत्र सुलतान होऊन बसला. फिक्या रंगाच्या दगडात कोरलेली कमळे, दोन्ही अंगांचे सज्जे आणि माथ्यावरील अरबी लेख यांची जुळणी अशी सुंदर साधली आहे की, लढाऊ दरवाजा इतका नाजूक का असावा असा प्रश्न पडतो. गड आता मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो, म्हणून वनखात्याची परवानगी काढून आणि दिवसाउजेडीच वर जावे लागते. एकट्याने जाण्याचे धाडस कोणी करू नये.

दक्षिणेकडचा प्रवास मात्र दोन दिवसांचा आहे आणि तो खामगाव सोडून घाट चढल्यावर खऱ्या अर्थाने सुरू होतो. वारा बदलतो, शेते उतरणीची होतात, काळ्या दगडाची देवळे दिसू लागतात. जे बुलढाण्यावरून वर चढतील त्यांनी आधी घाटाखालचे रोहिणखेड पाहावे. हे खेडे १४३७ व १५९० च्या सुमाराच्या दोन लढायांसाठी आणि १५८२ साली खुदावंदखान महदवीने बांधलेल्या मशिदीसाठी इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे, इतरांस नाही. खिंडीच्या तोंडाशी वसलेल्या गावाला शांतता लाभणे कठीणच.

पैनगंगेच्या काठी मेहकर लागते. तेथे १८८८ साली जमीन खणताना काळ्या पाषाणाची, अकरा फुटांहून उंच अशी विष्णूची मूर्ती निघाली. शार्ङ्गधर बालाजी या नावाने ती आज पूजिली जाते. मूर्ती सरकारने उचलून नेऊ नये म्हणून गावकऱ्यांनी घाईने तिची प्रतिष्ठापना केली, अशी आठवण मेहकरात सांगतात. एवढी मूर्ती अखंड राहिली, ती कोणीतरी पूर्वी हेतुपुरस्सर पुरून ठेवली म्हणूनच.

मेहकरच्या पुढे लोणार. या नावाशी शहरी वाचक थोडाफार परिचित असतो. परंतु शेगावला जाऊन आलेल्यांपैकी लोणार पाहिलेले किती निघतील? सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर अशनीच्या आघाताने पडले आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, तरी त्यापूर्वी सुमारे सव्वादोनशे वर्षे ऐन-ए-अकबरीत लोणारच्या खाऱ्या पाण्यापासून काच व साबण यांना लागणारा क्षार मिळतो असा उल्लेख आहे. दीर्घ काळ त्याला ज्वालामुखीचे मुख मानीत. काचेत रूपांतर पावलेली स्फटिके आणि आघाताच्या इतर खुणा सापडल्यावर, १९७३ च्या सुमारास, हा वाद मिटला. बसाल्ट दगडात पडलेली एवढी सुस्थितीतील विवरे पृथ्वीवर दुर्मीळ, म्हणून चंद्राच्या पृष्ठभागाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ येथे येतात. वयाविषयी मात्र एकमत नाही. एका पद्धतीने ते सुमारे बावन्न हजार वर्षे येते, तर नंतरच्या दुसऱ्या मोजणीने पावणेसहा लाख वर्षे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. पाणी आटून खारटपणा वाढला आणि क्षारात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांची वाढ झाली, असे तपासात दिसून आले. त्याच वर्षी सरोवराची गणना रामसर पाणथळांत झाली. त्यानंतर उलट प्रकार घडू लागला असून झऱ्यांचे व पावसाचे गोडे पाणी वाढून काठच्या कमळजा देवीच्या देवळापर्यंत पाणी चढले आहे. खारेपणावरच ज्या जीवसृष्टीचे अस्तित्व, तिला गोड्या पाण्याचे भय. खारपाणपट्ट्याच्या अगदी विरुद्ध अशी ही कथा आहे. गावातील दैत्यसूदनाचे देऊळ निवांतपणे पाहावे. लवणासुराच्या वधाची आख्यायिका आणि विवरातील लवण यांची सांगड घालणाऱ्या जुन्या माणसांचे निरीक्षण पक्के होते, एवढे कबूल करावे लागते.

लोणारहून सिंदखेडराजास जाता येते. जिजाऊंचे हे जन्मस्थान १२ जानेवारीच्या उत्सवात गजबजते. बाकीच्या दिवशी लखुजीराव जाधवांच्या वाड्याच्या दरवाज्यात कबुतरांखेरीज कोणी नसते. लखुजीरावांची समाधी विटा व चुन्याची, फार मोठी आणि साधी आहे. १६२९ साली दौलताबादच्या दरबारात निजामशहाने त्यांचा दगाबाजीने वध करविला, ते येथे आठवल्यावाचून राहत नाही. या समाधीच्या डागडुजीचे काम चालू असताना २०२४ साली पुरातत्त्व खात्याला जमिनीखाली एक शिवमंदिर आणि शेषशायी विष्णूची सुमारे पावणेदोन मीटर लांबीची मूर्ती सापडली. जवळच देऊळगाव राजा तालुक्यात मेहुणा राजा हे खेडे आहे. संत चोखामेळ्यांचा जन्म तेथला असे परंपरा मानते.

परतीच्या वाटेवर, चिखलीकडे येताना, थोडी वाकडी वाट करून साखरखेर्डा घ्यावे. बाळापूरच्या लढाईनंतर चार वर्षांनी, ऑक्टोबर १७२४ मध्ये, निजाम-उल्-मुल्काची गाठ येथे मुबारिझखानाशी पडली. दिल्लीच्या बादशहानेच आतून मुबारिझखानाला फूस दिली होती. तो पडला आणि निजामाला दक्षिणेत अडविणारा कोणी उरला नाही. हैदराबादचे आसफजाही राज्य त्या दिवसापासून मोजतात. ते सप्टेंबर १९४८ पर्यंत, म्हणजे सव्वादोनशे वर्षे टिकले. विजयाच्या आनंदात निजामाने गावाचे नाव बदलून फत्तेखेर्डा ठेवले. सरकारी दप्तरात आणि जुन्या नकाशांवर ते बराच काळ तसेच चालले. गावकऱ्यांच्या तोंडी मात्र ते रुळले नाही, आणि आज चिखलीच्या स्थानकावर गाडी विचारायची तर साखरखेर्ड्याची म्हणूनच विचारावी लागते.